खडा फेकू नका

मूतखड्याचा पेशंट ओपीडीत येतो तो दोन कागद घेऊन: सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि काय खायचं नाही याची यादी. टोमॅटो बंद, वांगं बंद, दूध-दही बंद. यादी कधी मावशीची, कधी व्हॉट्सअ‍ॅपची. मागच्या वेळी पडलेल्या खड्याचं काय केलंत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'काय करणार? फ्लश केला.' आता त्या फ्लशबरोबर माझं अर्धं निदान गेलेलं असतं. कारण खड्याची जात कळल्याशिवाय सांगितलेलं पथ्य अंदाजपंचेच.

खड्याच्या जाती वेगळ्या असतात हे सुश्रुताला पक्कं ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे मूतखड्याचे, चार प्रकार आहेत आणि त्यांतल्या तीन प्रकारांचं वर्णन थेट रूपावरून केलंय. वाताश्मरी सावळी, खरखरीत, कदंबाच्या फुलासारखी काटेरी. पित्ताश्मरी बिब्ब्याच्या बीसारखी, कधी मधाच्या रंगाची. कफाश्मरी पांढरी, गुळगुळीत, कोंबडीच्या अंड्याएवढी. कॅल्शियम ऑक्झलेटचा काटेरी खडा दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी कदंबच आठवायला सांगतो. सुश्रुताचे दोष आणि आमचं रसायनशास्त्र यांची जोडी लावायचा आग्रह मात्र मला नाही.

आज तुकडा इन्फ्रारेड तपासणीला पाठवतात, दोन-चार मिलिमीटरचाही पुरतो. दहांतले सात-आठ खडे कॅल्शियमचे निघतात, बहुतेक ऑक्झलेटचे. युरिक अ‍ॅसिडचा खडा पिवळट-केशरी. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतो. मधुमेह, वाढलेलं वजन, रोजचं मटण-चिकन आणि आम्लधर्मी लघवी ही त्याची सोबत. गंमत म्हणजे औषधाने सहसा विरघळणारा हाच. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीची आम्लता कमी केली की काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत तो ऑपरेशनशिवाय जाऊ शकतो. तेच औषध ढिलाईने, तपासणी न करता घेत राहिलं तर लघवी फार अल्कधर्मी होऊन कॅल्शियम फॉस्फेट साचायला लागतं. जात आधी कळायला हवी ती यासाठी. आणखी एक प्रकार सिस्टीनचा, मेणचट आणि आनुवंशिक. लहान वयात खडा झाला तर भावंडांचीही चौकशी करावी.

आता दूध-दही. ऑक्झलेटच्या खड्यात कॅल्शियम असतं, म्हणून कॅल्शियम सोडा, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम कमी केलं की ऑक्झलेट मोकळं सुटून मूत्रपिंडाकडे वळतं. इटलीतल्या पार्मा इथे बोर्घी आणि सहकाऱ्यांनी लघवीत जास्त कॅल्शियम जाणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियमच्या आहारावर 38 टक्क्यांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्यांत 20 टक्क्यांना. म्हणून ताकाची वाटी चालू ठेवा, लोणचं-पापड आवरा. पालक खायचाच तर पनीर घालून, जेवणात. टोमॅटो बिचारा उगाच बदनाम झालाय.

इथे बेंगळुरूत खडे कशाने होतात, असं विचारलं की लोक बोअरच्या क्षाराच्या पाण्याकडे बोट दाखवतात. बादलीवर पांढरा थर दिसतो, म्हणजे पोटातही बसत असणार! कठीण पाण्याने खडे होतात याला ठोस पुरावा नाही. माझा संशय वेगळाच आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, हवा बेताची. घाम जाणवत नाही, तहान लागत नाही. ऑफिसात एसी, समोर फिल्टर कॉफी. सिल्क बोर्ड चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचंय म्हणून पाणी न पिता निघणारे कितीतरी, त्यात बायका जास्त, कारण वाटेत स्वच्छ संडास मिळायची मारामार. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणलेलं, ते नळाला येतं आणि बाटली टेबलावर भरलेलीच राहते. किती प्यायलात यापेक्षा किती लघवी झाली ते बघा: दिवसाला दोन ते अडीच लिटर. बोर्घींच्याच आधीच्या, 1996 च्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न पिणाऱ्यांत 27 टक्क्यांना. घरगुती उपाय ठरलेले: आपल्या मराठी घरांत पानफुटीची पानं, इथे हुरळीचं म्हणजे कुळथाचं सार आणि बाळेदिंडू, म्हणजे केळीच्या गाभ्याचा रस. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपणहून पडतात, श्रेय रसाला जातं. लिंबूपाणी मात्र घ्या, त्यातलं सायट्रेट उपयोगी. मीठ न घालता.

पाण्याने न वळणारा खडा संसर्गाचा, स्ट्रुव्हाइट. प्रोटियससारखे जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतात आणि शिंगासारखा फाटे फुटलेला खडा अख्ख्या मूत्रपिंडात पसरतो, अनेकदा फारशी कळ न देता. तो पूर्ण काढावाच लागतो. उरलेल्या कणावर पुन्हा वाढतो. पण खडा कुठल्याही जातीचा असो, कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. अडलेल्या लघवीत पू झालेला असू शकतो, आणि तेव्हा त्याच रात्री स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून वाट मोकळी करावी लागते. खडा फोडण्याचं नंतर बघता येतं.