मूळचे कुठले?

आगगाडीत हा प्रश्न किती निरुपद्रवी असतो! परतूरला आपण चढावे, समोरच्याने शेंगांची पुडी पुढे करावी आणि विचारावे, "आपण मूळचे कुठले?" आपण गाव सांगतो, त्याची मावशी नेमकी त्याच गावात निघते आणि जालना येण्याच्या आत नाते जुळते. परंतु रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर हाच प्रश्न आला की मी ओळखतो. विचारणाऱ्याला गाव नको असते. गावकुसाच्या आतले की बाहेरचे, एवढेच हवे असते.

आम्ही कॅथलिक. बाप्तिस्मा झाला पणजोबांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावाकडून मिशनचे काम मराठवाड्यात पसरले, आणि त्यात आले ते बहुतेक महार-मांगांचे वाडे. पणजोबांना मिळाले काय? एक नवे नाव, थोडी अक्षरओळख, आणि वेदीपाशी सर्वांच्या बरोबरीने गुडघे टेकण्याचा हक्क. ज्याला देवळाची पायरी ठाऊक नव्हती त्याला हा हक्क लहान नव्हे. आमच्या घरात तो कोणी सोडलाही नाही.

धाकट्या बहिणीला स्थळ आले होते. ती शहरात नर्स. मुलगा कंपनीत, घरचे किनारपट्टीकडचे, जुने कॅथलिक. दोघे चर्चच्या एकाच गायनवृंदात गात. चहा झाला, चिवडा झाला. मुलाच्या आई मोठ्या गोड आवाजात म्हणाल्या,

"मूळचे कुठले हो तुम्ही?"

"परतूरचे."

"ते झालं हो गुरुजी. त्याच्या आधी?"

त्याच्या आधी! त्यांचे पूर्वज ख्रिस्ती होऊन चारशे वर्षे झाली, तरी गोव्याकडे बामण, चार्डो, सुदिर ही नावे लग्न ठरवताना अजून पेटीतून बाहेर निघतात. आठवड्याने निरोप आला, "आमच्या नातेवाइकांत चालायचं नाही." निरोप आणणारा भला माणूस, त्याने मान खाली घालून चहा घेतला. बहिणीने गायनवृंद सोडला. चर्चला जाणे सोडले नाही. मागच्या बाकावर बसू लागली.

सरकारदरबारी उलटी मौज. तिथे आम्हांला जातच नाही! १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली शिखांना आत घेतले, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती बाहेरच. पणजोबांच्या सख्ख्या भावाची पतवंडे बौद्ध, त्यांना दाखला मिळतो. एकाच उंबऱ्यातून निघालेली ही माणसे! तहसिलीतला कारकून मला म्हणाला, "तुम्ही ख्रिस्ती. तुम्हांला जात कसली?" हे वाक्य चर्चच्या पायरीवर एकदा तरी ऐकण्याची माझी फार इच्छा आहे.

बिशपांना हे ठाऊक नाही असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने धोरणपत्र काढले. चर्चमध्ये अस्पृश्यता उरली आहे हे त्यात स्वतःच लिहिले, आणि एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांपैकी एक कोटी वीस लाख दलित आहेत हेही. म्हणजे मागच्या बाकावरचेच बहुसंख्य!

ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, दलितांतले पहिले. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. आईने वर्तमानपत्रातले छायाचित्र चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "ह्यांना बहीण असेल का रे? तिचं लग्न कुणी जमवलं असेल?"