वाटाण्याचा अंकुर आणि दुबार पेरणी

'लीन' हा शब्द देवनागरीत उतरला की मराठीच्या अध्यापकास प्रथम नम्रता आठवते. येथे तो 'सडपातळ' या अर्थी आला आहे, हे मागाहून ध्यानात येते. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून स्टार्टअपची कार्यशाळा हा आता नेमाचा विधी झाला असून साहित्याच्या विद्यार्थ्यांसह आम्हांसही तेथे बसावे लागते. तेथील सार असे: टोयोटाच्या कारखान्यांत वाया जाणारे सारे काढून टाकण्याची रीत रुजली, फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञांनी 'अजाईल' जाहीरनामा सिद्ध केला, आणि २०११ साली एरिक रीस यांच्या 'द लीन स्टार्टअप' या पुस्तकाने ही दृष्टी नव्या उद्योगांच्या दारी आणली. सगळे भांडवल एकदम ओतू नये; लहानसा नमुना करावा, गिऱ्हाइकापुढे ठेवावा, त्यातून शिकावे, बदलून पुन्हा करावे.

विचार खरा आहे, आणि मराठी माणसास नवाही नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला चित्रपटविद्या पाहून आले, तेव्हा कधी न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार, हाच प्रश्न होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यासमोर उभा केला आणि रोप वाढत असताना ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. महिन्याहून अधिक काळाची ती वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ते पाहून पैसे देणारा मिळाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. याहून स्वच्छ उदाहरण कोणत्याही कार्यशाळेत आमच्या ऐकण्यात आलेले नाही.

परंतु त्या वाटाण्यामागे एक घर होते. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले होते. पुढे चित्रीकरणाच्या काळात साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला आणि रात्री फिल्मला भोके पाडण्याचे कामही. नमुना स्वस्त होता खरा, पण तो ज्या आधारावर उभा होता तो स्वस्त नव्हता.

आमच्या भागातला शेतकरीही चाचणी घेतोच. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सत्तर वा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. विनाखर्चाची, पुरेशी विश्वसनीय अशी ही रीत आहे. मात्र गोणपाटात दाण्याची परीक्षा होते, पावसाची होत नाही. मृगात शिंतोडे पडले, पेरणी झाली आणि पुढे पावसाने ओढ दिली की मग दुबार पेरणी. 'पुन्हा करून पाहा' हे वाक्य कार्यशाळेत टाळ्या घेते; लातूरच्या शिवारात त्याचा अर्थ पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा उसनवारी असा होतो. आणि दुबारही साधली नाही, तर पुढची फेरी येते ती थेट वर्षानंतर.

याच घरांतली मुले आमच्यासमोर बसतात. 'लवकर चुका, स्वस्तात चुका' हा उपदेश, एका परीक्षेवर आयुष्य पणाला लावण्यास शिकवणाऱ्या आमच्या 'लातूर पॅटर्न'पेक्षा निश्चितच अधिक माणुसकीचा आहे, हे मान्य केले पाहिजे. निदान चुकणे हे येथे पाप मानले जात नाही. पण चूक कोणाच्या पदरी स्वस्त पडते, हे तो सांगत नाही. आणि वक्ते बहुधा पुण्याहून आलेले असतात. असो.

प्रकल्पाच्या अर्जात ग्राहक कोण, गृहीतक काय, नमुना कोणता असे रकाने छापलेले असतात. त्यांच्याखाली आम्ही पेनाने आणखी एक आखून देऊ लागलो आहोत: पहिला प्रयत्न फसल्यास दुसरा होईपर्यंत तुमचा खर्च कोण चालवील? गेल्या वर्षी तेथे बऱ्याच जणांनी 'आई' एवढेच लिहिले होते. एकाने पुढे कंसात 'शिवणकाम' असेही लिहिले होते.