आबांची खूण

बामणोलीहून लाँच सुटली की आबा टोपी काढून मांडीवर ठेवत. बाकीचे लोक फोटो काढण्यात दंग. आबांची नजर डोंगरावर. अर्ध्या वाटेत कुठंतरी पल्याडची एक सोंड अल्याडच्या टेपाडामागं सरकायची. ती पुरती झाकली की ते म्हणत, "जरा बंद कर रं." इंजिन थांबायचं. आबा वाकून मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवायचे आणि तोच ओला हात कपाळाला लावायचे. खाली त्यांचं घर होतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडलं, तेव्हा आबा दहा-अकरा वर्षांचे होते. आजी सांगायची, "देव आधी हलवला, माणसं मागनं." चार महिने पावसात भिजणारी, भात-नाचणी पिकवणारी माणसं सोलापूरकडच्या कोरड्या रानात जाऊन पडली. आजोबा तिथं फार टिकले नाहीत. आबांनी मुंबई गाठली आणि मस्जिद बंदरला पाठीवर गोणी घेतल्या. १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. "घर असतं तर तवा पडलंच असतं," असं म्हणून आबा पुढं कितीतरी वर्षं स्वतःची समजूत काढत. एरवी हिशोबाला पक्का माणूस, पण हा हिशोब त्यांनी असाच जुळवून घेतला होता.

पलीकडच्या काठाला उतरलं की वासोटा गडाची वाट. आज तिला ट्रेक म्हणतात. वनखात्याची परवानगी, रजिस्टरमध्ये नावं, पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची मोजणी, आणि संध्याकाळच्या आत परत. पावसाळ्यात बंद. आजी याच डोंगरातून महाशिवरात्रीला नागेश्वराला जायची, अनवाणी, कमरेला आबा. नागेश्वराच्या खालून वाट कोकणात चोरवण्याला उतरते. तिकडूनही माणसं चढून यायची, अजूनही येतात. आजीला परवानगी लागायची ती फक्त सासूची.

ओढ्याकाठच्या उघड्या मारुतीला नमस्कार करून आत शिरलं की ऊन संपतं. कारवी, अंजन, जांभूळ, वर शेकरूची उडी, वाटेवर कधी गव्याचं ताजं शेण. आबा काठीनं पाचोळा बाजूला करत चालायचे आणि मधेच थांबून नाक वर करायचे. "अस्वल गेलंय." मला कधी कसला वास आला नाही. गडावर छप्पर नसलेल्या मारुतीपाशी बसून आम्ही भाकरी खायचो. पलीकडं बाबूकडा सरळ तुटलेला. इंग्रजांनी १८१८ मध्ये हा गड घेतला वगैरे मी त्यांना वाचून दाखवायची. ते मान डोलवायचे, पण डोळे खाली पाण्यावर.

हे रान १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. पाणी चढलं तेव्हा जी माणसं काठानं वर सरकून राहिली होती, त्यांतल्या कितीतरी जणांना पुढं या रानासाठी दुसऱ्यांदा उठावं लागलं. रान वाढलं, दाट झालं, याचा मला आनंद आहे. तो पुरता होत नाही, एवढंच.

शेवटच्या खेपेला आबांचा गुडघा चालेना. ओढ्याजवळच्या मारुतीपाशी ते बसून राहिले. "तू जा, म्या हाय हितं." मी भराभर चढले, भराभर उतरले. त्यांना कंटाळा आला असेल, ही धास्ती. आले तेव्हा ते वनरक्षकाला सांगत होते, कुठल्या खाचराला कुणाचा बांध होता. तो पोरगा तंबाखू मळत नुसतं "हां, हां" म्हणत होता. मला बघून आबा गप्प झाले. मीही विचारलं नाही. लाँच चुकेल म्हणाले.

दीड वर्षानं आबा गेले. त्या हिवाळ्यात मी एकटीच गेले, पिशवीत नारळ घेऊन. लाँचवाला नवा, विशीतला. अर्ध्या वाटेत मी उभी राहिले आणि सोंड शोधू लागले. एक सोंड झाकली गेली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक सोंडेपुढं एक टेपाड होतंच. "मॅडम, बसा," पोरगा म्हणाला, "लाँच हलतीय." इतकी वर्षं मी त्यांच्या हाताकडे बघत आले होते. ते कुठल्या डोंगराकडे बघतात, हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आत्याला नंतर फोनवर विचारलं. ती घर सुटलं तेव्हा पाळण्यात होती.

त्या दिवशी मी गडावर गेले नाही. मारुतीपाशी बसले, आबा बसले होते त्याच दगडावर, आणि दुपारच्या लाँचनं परतले. कुणाला इंजिन बंद करायला सांगितलं नाही. चौकीवर बाटल्या मोजल्या. दोन नेल्या होत्या, दोन भरल्या. नारळाची नोंद नव्हती. तो तसाच घरी आला.