दोन क्लिपबोर्ड

लिनक्सच्या नव्या मशीनवर एक्सटर्म या टर्मिनलमध्ये निवडलेली ओळ मेलमध्ये कंट्रोल-व्हीने उतरतच नव्हती. त्याऐवजी सकाळी कुठूनतरी कॉपी केलेलं भलतंच काहीतरी उमटायचं. सर्व्हरच्या लॉगमधली एरर सहकाऱ्याला अक्षरन् अक्षर तशीच जायला हवी, त्यामुळे याचा छडा लावणं भाग होतं.

टर्मिनलात कंट्रोल-सी कॉपीसाठी मोकळं नसतं. चालू कमांड थांबवण्याचं त्याचं काम कॉपी-पेस्टच्या कळांपेक्षाही जुनं आहे. म्हणून बरीच टर्मिनलं त्याला शिफ्टची जोड देतात. एक्सटर्मची रीत आणखी वेगळी: माऊसने मजकूर निवडला की तिथेच कॉपी झाला, आणि मधलं बटण दाबलं की पेस्ट.

खरी मेख त्याखालच्या एक्स विंडो सिस्टिममध्ये होती. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत कॉपीचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत, प्रायमरी आणि क्लिपबोर्ड. एक्सटर्म निवडलेला मजकूर प्रायमरीत देतं, कंट्रोल-व्ही क्लिपबोर्डकडे मागतं. शिवाय मजकूर कुठे साठवलेलाच नसतो. ‘निवड माझ्याकडे आहे’ एवढंच कॉपी करणारा प्रोग्रॅम जाहीर करतो आणि कुणी मागितलं की तेव्हा देतो. कॉपी करून खिडकी बंद केली की मजकूर नाहीसा का होतो, हेही मला इथेच उमगलं, आणि या रचनेबद्दल आदर वाटला. एक्सटर्मची सेटिंग्ज असलेल्या एक्सरिसोर्सेसच्या फाइलमध्ये ‘सिलेक्टटूक्लिपबोर्ड’ ट्रू केलं, एक्सआरडीबीने ती फाइल पुन्हा वाचून घेतली, नवी खिडकी उघडली आणि मेलमध्ये एरर जशीच्या तशी आली.

पण सर्व्हरवर टर्मिनलच्या चौकटी पाडणारं टीमक्स चालू असलं आणि त्याचा माऊस मोड सुरू असला, तर एवढं पुरत नव्हतं. तिथे माऊस ओढला की निवड टीमक्स स्वतःकडे घेतं. शिफ्ट दाबून ओढलं तर ती एक्सटर्मकडे येते, पण शेजारच्या चौकटीतल्या ओळीही सोबत येतात. यावर ओएससी ५२ नावाचा एस्केप कोड आहे. दूरचा प्रोग्रॅम मजकूर बेस-६४मध्ये बांधून टर्मिनलला पाठवतो आणि टर्मिनल तो आपल्या मशीनच्या क्लिपबोर्डवर ठेवतं. एक्सटर्म हे मुळात बंद ठेवतं, आणि ते योग्यच आहे: त्याच वाटेने दूरचा प्रोग्रॅम क्लिपबोर्ड वाचूही शकतो, आणि तिथे पासवर्डही असू शकतो. मी फक्त लिहिण्याची परवानगी दिली, वाचण्याची बंदी तशीच ठेवली.

मग पेस्टची बाजू. जुन्या विम एडिटरमध्ये कोड पेस्ट केला की प्रत्येक ओळ आणखी उजवीकडे सरके. विमला तो हाताने टाइप केलेला वाटे आणि ते आपलं इंडेंट वर चढवी; तिथे ‘सेट पेस्ट’ पुरलं. शेलमधला प्रकार मात्र धोक्याचा. मजकुराच्या शेवटी नवी ओळ असेल तर कमांड वाचायच्या आतच चालून जाते. यावर उपाय म्हणजे ब्रॅकेटेड पेस्ट: त्यात टर्मिनल पेस्ट झालेल्या मजकुराच्या आधी आणि नंतर खूण लावतं, त्यामुळे शेल ती नवी ओळ एंटर म्हणून घेत नाही. बॅश या शेलमध्ये ५.१पासून हे मुळातच चालू असतं. सर्व्हरवरचं बॅश त्याआधीचं, ४.४ होतं, म्हणून इनपुटआरसी फाइलमध्ये ‘सेट एनेबल-ब्रॅकेटेड-पेस्ट ऑन’ ही ओळ घातली. फाइली पुसणारी कमांडसुद्धा आता एंटर दाबेपर्यंत थांबते, आणि ती नीट वाचून घेता येते.