विमानाची किल्ली

"घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलीय. विमानाची तुमच्याकडे देऊन जाऊ का?"

मुलुंडच्या एका डॉक्टरांनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या कॅनडाला जाण्याला जेमतेम आठ दिवस उरले होते. फ्लॅट भाड्याने दिला होता, दवाखाना विकला होता, गाडी पुतण्याच्या नावावर केली होती. आईंच्या वर्षभराच्या औषधांची सोयसुद्धा लावून झाली होती. राहिली होती ती चार आसनांची सेस्ना १७२. तिच्यावर त्यांचा जीव होता. म्हणूनच तिचा निर्णय त्यांना घेववत नव्हता आणि तो शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबला होता.

मी विमानांची देखभाल करणारा इंजिनीअर, आमच्या भाषेत ए.एम.ई. राहतो अंधेरी पश्चिमेला, डी. एन. नगरजवळ. तिथून जुहूचा विमानतळ रिक्षाने दहा मिनिटांवर. छोट्या विमानांचे मालक परदेशी निघाले की त्यांतले काही मला फोन करतात आणि बहुतेकांचा फोन असाच उशिरा येतो.

मुंबईत खासगी विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उद्योगपतींची जेट येतात. त्यांच्याकडे कंपन्या असतात, वकील असतात. माझं बोलणं एका पंख्याच्या, पिस्टन इंजिनाच्या विमानांबद्दल आहे. डॉक्टर, वास्तुविशारद, एखादा कारखानदार, निवृत्त वैमानिक असे लोक ती हौसेनं घेतात. हा छंद आपल्या उपनगराला नवा नाही. जुहूचं मैदान १९२८ पासूनचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, ते पुस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून टाटांना आपला कारभार पुण्याला न्यावा लागे. आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. उपनगरातल्या हौशी वैमानिकाचं विमान धुळे, बारामती, जळगाव अशा दूरच्या धावपट्टीवर उभं असतं आणि मालक शनिवारी पहाटे गाडी काढून तिकडे जातो. डॉक्टरांचंही असंच एका जिल्ह्याच्या ठिकाणी होतं.

"दोन-तीन वर्षांत परत येतोच आहे, तोवर राहू दे तिथेच," असं म्हणून ते गेले. पुतण्या दर पंधरा दिवसांनी जाऊन इंजिन सुरू करायचा, दहा मिनिटं चालवायचा, बंद करायचा. व्हिडिओ काढून काकांना पाठवायचा. काका तिकडे खूश.

त्या व्हिडिओंनी विमान मारलं.

हे नीट सांगायला हवं, कारण अधूनमधून इंजिन सुरू केलं की विमान ठणठणीत राहतं, अशी माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांची समजूत असते. इंजिनात एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते, थोडी पिस्टनच्या कडेनं खाली उतरून तेलात मिसळते. विमान तासभर उडालं तर तेल पुरेसं तापतं आणि ते पाणी उडून जातं. जमिनीवर दहा मिनिटं चालवलं तर तेल कोमट होतं आणि पाणी आतच राहतं. म्हणजे दर पंधरवड्याला आपण आपल्या हातानं इंजिनात पाणी भरत असतो. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन थांबलं की त्यावरचं तेल हळूहळू ओघळून खाली जातं, उघड्या पोलादावर दमट हवा बसते आणि गंज धरतो. पुढच्या वेळी इंजिन सुरू केलं की तो गंज टॅपेटचा पृष्ठभाग खरवडून काढतो. बाहेर आवाज तोच, धूर तोच. आत मात्र चांदीच्या भुकटीसारखा लोखंडाचा चुरा तेलाच्या फिल्टरमध्ये जमत असतो. विमान जमिनीवर चालवणं हा उड्डाणाला पर्याय होऊ शकत नाही, असं ही कंपनी आपल्या सूचनापत्रात लेखी सांगते. प्रोपेलर हातानं फिरवून ठेवणंही वाईटच, कारण उरलंसुरलं तेल त्यानं पुसलं जातं.

चार वर्षांनी डॉक्टर आले. आम्ही कव्हर काढलं. हवेतला वेग मोजणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशीनं माती भरली होती. इंजिनावर साळुंक्यांचं वाळलेलं घरटं. उंदरांनी रेडिओच्या वायरी कुरतडलेल्या. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. पण पंखाच्या आतल्या बाजूला आरसा आणि टॉर्च घालून पाहिलं तर रिव्हेटच्या रांगेशेजारी पत्र्याला पांढरे फोड आले होते. जुन्या सेस्नांपैकी कित्येकींना आतून प्रायमर नसतो. गंजरोधक लेप विमान मागवतानाच वेगळा सांगावा लागे. डॉक्टर बराच वेळ त्या पंखावर हात ठेवून उभे होते. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं चार वर्षांपूर्वी होतं आणि तेव्हा मी पुरेसं ठासून बोललो नव्हतो, याची खंत मला आजही आहे.

विमान उभं ठेवायचंच असेल तर ते इंजिन बंद करून, झोपवून ठेवावं लागतं. जुनं तेल काढून परिरक्षणाचं तेल घालायचं, ते भरून एक शेवटचं उड्डाण करायचं, सिलिंडरांत फवारणी करायची, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग बसवायचे, हवा आत जाणारी आणि बाहेर येणारी सगळी तोंडं बंद करायची. मग महिन्याला कुणीतरी जाऊन प्लगमधले निळे दाणे गुलाबी झाले का ते बघायचं आणि झाले असतील तर बदलायचे. इंजिनाला हात लावायचा नाही. एवढं करूनही कॅलेंडर थांबत नाही. अशा इंजिनांना दोन हजार तास किंवा बारा वर्षं, जे आधी येईल ते, ओव्हरहॉलची मर्यादा असते. तुम्ही टोरांटोत बसलेले असता तेव्हाही ती बारा वर्षं सरत असतात. वार्षिक एआरसी, म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या तपासणीचं प्रमाणपत्र, संपते, विम्याचा हप्ता येतो, हँगरचं भाडं चढतं.

मग बरोबर न्यावं का?

इथे विमानाचं नागरिकत्व मध्ये येतं. १९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे विमान ज्या देशात नोंदलेलं असेल त्या देशाचं ते नागरिक, आणि एका वेळी दोन देशांत त्याची नोंद चालत नाही. भारतीय माणसाला दुहेरी नागरिकत्व नाही, तसंच विमानालाही नाही. आपल्या विमानाच्या शेपटाजवळ व्हीटी लिहिलेलं असतं. ही अक्षरं आपल्याकडे १९२९ पासून आहेत. विमान नेऊन दुसऱ्या देशात नोंदवायचं तर आधी डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, इथली नोंद रद्द करायची, निर्यातीसाठी उड्डाणयोग्यतेचा दाखला घ्यायचा आणि व्हीटी पुसायचं. मालक भारतीय नागरिक राहिला तर परदेशी राहूनही विमान त्याच्या नावावर इथे राहू शकतं. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि इथे त्याचा निवासही नाही, व्यवसायही नाही, तर नोंदीचा आधारच जातो. शपथविधीच्या फोटोत हसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

अमेरिकेला निघालेल्या आपल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. तिथल्या कायद्यानं विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला तुम्ही अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावं लागतं. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या इंजिनीअरला ते जमत नाही. त्याला विश्वस्ताच्या नावे नोंदणी करण्यासारखा वळसा घ्यावा लागतो. ग्रीनकार्डाच्या भारतीयांच्या रांगेची लांबी वाचकांना सांगायला नको. बरं, अमेरिकी नोंदीचं विमान उडवायला अमेरिकी परवाना लागतो. भारतीय परवान्याच्या आधारे तो मिळवता येतो, पण त्यालाही कागद आणि वेळ हवाच.

प्रवासाचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. एक, पंख आणि शेपूट सोडवून चाळीस फुटी कंटेनरमध्ये घालून न्हावाशेव्याहून बोटीनं. सेस्ना १७२ ची लांबी सव्वाआठ मीटर, ती मावते. पंखांचा पसारा अकरा मीटर, तो सोडवावाच लागतो. आडवं शेपूट कंटेनरच्या रुंदीत बसत नाही, तेही काढायचं. तिकडे पुन्हा जोडताना प्रत्येक बोल्ट, प्रत्येक केबलचा ताण मोजून घ्यायचा. दुसरी वाट उडत जाण्याची. युरोपपर्यंत आखाती देशांतून, पुढे स्कॉटलंडमधलं विक, आइसलंडचं रेक्याविक, ग्रीनलंड आणि कॅनडाचं गूज बे. एकेक टप्पा बाराशे किलोमीटरच्या आसपासचा आणि खाली बर्फाळ पाणी. आत जादा टाकी बसवल्याशिवाय या विमानानं तिकडे पाहूही नये. ते काम रोजचं करणारे व्यावसायिक वैमानिक जगात आहेत. हौशी माणसानं आयुष्यातलं पहिलं मोठं उड्डाण म्हणून ही वाट धरावी असं मी कुणालाही सांगणार नाही.

आणि एवढं करून न्यायचं कुठे? दीड लाखांहून अधिक छोटी विमानं असलेल्या अमेरिकेत! कोकणात नारळ घेऊन जाण्यासारखं आहे ते. सेस्ना १७२ तर गावोगावच्या धावपट्टीवर भाड्यानं मिळते. चव्वेचाळीस हजारांवर विमानं बनली आहेत त्या जातीची. आपल्याकडे मात्र असं एक चालू स्थितीतलं विमान म्हणजे वैमानिक होऊ पाहणाऱ्या किती तरी मुलांचे तास. इथे नवं विमान आणताना आयातीची परवानगी, कर, सुटे भाग, सगळ्याचा डोंगर असतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटीच चाळीस टक्के आहे. २०२२ पर्यंत तर त्यात घालायचं अॅव्हगॅस पेट्रोलही आपण पूर्णपणे बाहेरून मागवत होतो. मग इंडियन ऑइलनं ते बडोद्याजवळच्या रिफायनरीत करायला घेतलं.

नेण्यासारखं विमान मला एकाच प्रकारचं वाटतं, स्वतःच्या हातानं घडवलेलं. कांदिवलीच्या चारकोपला आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव वाचकांना आठवत असतील. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंद मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात, उडवण्याची परवानगी २०१९ मध्ये. त्या वर्षांत त्या माणसानं किती उंबरे झिजवले असतील! पण अशा प्रायोगिक विमानाचीच परदेशात जास्त अडचण असते. त्याच्याकडे पूर्ण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र नसतं, खास परवाना असतो, आणि तो दुसऱ्या देशानं मान्य करावा असं कराराचं बंधन नाही. ज्याला स्वतःचं हस्तनिर्मित विमान न्यायचंय त्यानं त्या देशाची लेखी संमती हातात आल्याशिवाय एकही बोल्ट सोडवू नये.

बाकी सगळ्यांना माझा सल्ला एकच: विका, आणि उडतं असताना विका. एआरसी चालू, इंजिनाचे तास शिल्लक, मागच्या महिन्यात उड्डाण झालेलं, अशा विमानाला फ्लाइंग स्कूल विचारतं, दुसरा हौशी विचारतो. तेच विमान दोन वर्षं उभं राहिलं की सुट्या भागांच्या भावात मागणारे येतात. परतायचं नक्की असेल तर विमानं चालवणाऱ्या संस्थेला करारानं द्या, म्हणजे ते आठवड्याला आठ-दहा तास उडत राहील. मात्र विमान कोणत्या कारणासाठी आयात झालं होतं आणि तेव्हा करात कोणती सवलत घेतली होती, हे आधी तपासा. कारण बदललं की सवलतीचा कर मागे लागू शकतो. तुम्ही अनिवासी झाल्यावर विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात येतात आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तेव्हा पैसे अडकतील या भीतीनं विक्री टाळण्याचं कारण नाही.

यापेक्षाही महत्त्वाची आहेत लॉगबुकं. विमानाचं एक, इंजिनाचं एक, प्रोपेलरचं एक. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक दुरुस्ती त्यांत असते. ती हरवली तर चकचकीत विमानसुद्धा पत्रा ठरतं, कारण कुठला भाग किती तास चालला हे सांगणारं कुणी उरत नाही. मी एका घरात माळ्यावरून काढलेली लॉगबुकं पाहिली आहेत, अर्धी वाळवीनं खाल्लेली. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

विमान खरोखर दीर्घायुषी असतं. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे.आर.डी. पुन्हा कराचीहून जुहूला आले. या वेळी विमान होतं तिसाच्या दशकातलं, लाकूड आणि कापडाचं लेपर्ड मॉथ, व्हीटी-एकेएच. अॅल्युमिनियमचंही नाही! ते टिकलं आणि उडलं, कारण ते सांभाळणारे हात त्याच्याजवळ होते. कॅनडातून व्हिडिओ बघून विमान सांभाळता येत नाही.

डॉक्टरांच्या सेस्नाचं पुढे काय झालं ते सांगतो. दुरुस्तीचा खर्च नव्या विमानाच्या किमतीकडे झुकू लागला तेव्हा त्यांनी ती ए.एम.ई. शिकवणाऱ्या एका संस्थेला दिली. दरवर्षी पोरं तिचं इंजिन खोलतात, पंखाचा तो गंजलेला पत्रा हाताळतात, पुन्हा जोडतात. ती आता कधी उडणार नाही.

तुमच्यापैकी कुणी येत्या वर्षात बाहेर जायचा विचार करत असेल आणि कुठल्याशा धावपट्टीवर कव्हरखाली तुमचं विमान उभं असेल, तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी विमानाचं ठरवा. गिऱ्हाईक मिळायला आणि कागद हलायला एक वर्ष हाताशी धरा. आणि दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरायला काढाल तेव्हा लॉगबुकं खाली घ्या, ऊन दाखवा, पानन् पान स्कॅन करून ठेवा.