चाकांवरचे बिऱ्हाड: मिशिगनच्या एका मेळाव्याकडे

वाचकहो, दीर्घ आजार घरात मुक्कामाला आला की बाहेर जाण्याचे प्रसंग एकेक करून गळत जातात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. आधी परगावचे लग्न टळते, मग शेजारच्या आळीतले सत्यनारायणाचे तीर्थप्रसाद, आणि शेवटी संध्याकाळची कोपऱ्यापर्यंतची फेरीही. कोणी मनाई केलेली नसते. रुग्णाला पडण्याची धास्ती असते आणि सांभाळणाऱ्याला त्याच्या पडण्याची त्याहून मोठी धास्ती असते.

माझ्या यजमानांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, होऊन सहा वर्षे झाली. वय शहात्तर. नोकरी सारी एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत, गाड्यांची बॉडी बांधण्याच्या कामावर गेलेली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही शिकागोजवळच्या उपनगरात लेकीकडे होतो. तेथे जावयांनी, आपल्या जुन्या ट्रेलरमधून मिशिगनमधील एका मेळाव्याला आम्हीही यावे, असे सुचवले. चार दिवस, तीन रात्री, एका बाजूने सुमारे साडेचारशे किलोमीटर. माझ्या तोंडून आधी ‘नको’ हाच शब्द आला, यजमान मात्र लगेच म्हणाले, “जाऊ या.” त्या प्रवासात काय पाहिले आणि काय सांभाळावे लागले, ते आपल्यापुढे ठेवते.

पत्र्याच्या डब्याचे प्रवासी

मोटारीच्या मागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या खोलीला अमेरिकेत ट्रेलर आणि इंग्लंडात कॅरॅव्हॅन म्हणतात. तट्ट्या घातलेल्या बैलगाडीतून आपले आजोबा-आजी जत्रेला जात आणि गाडीखालीच चूल मांडत. कल्पना फारशी वेगळी नाही.

फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्यावर अमेरिकेत लोक थंडीच्या दिवसांत दक्षिणेकडे निघू लागले. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे अशा भटक्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे ‘पत्र्याच्या डब्याचे प्रवासी’, ही संघटना स्थापन केली. एकमेकांची ओळख पटावी म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा रिकामा डबा बसवीत. ही संघटना पुढे कालौघात मावळली. १९९८ साली मिशिगनमधील एका दांपत्याने तिला पुन्हा उभे केले, ते जुन्या ट्रेलरच्या हौशी मंडळींसाठी. तिचा वसंतातील मेळावा मिलफर्ड गावाजवळील ‘कॅम्प डिअरबॉर्न’ या मैदानावर भरत आला आहे. आमचे जाणे तेथेच होते.

जावयांचा ट्रेलर १९६७ सालचा ‘एअरस्ट्रीम कॅरॅव्हेल’: सतरा फूट लांब, अंड्यासारखा गोलसर, ॲल्युमिनियमच्या चकचकीत अंगाचा. एअरस्ट्रीमचे जनक वॉली बायम. तंबूत झोपायला त्यांची पत्नी नाखूश, म्हणून त्यांनी मॉडेल टीच्या सांगाड्यावर निवारा बांधला आणि त्यात शेगडी व बर्फाच्या पेटीची सोय केली; त्यातूनच हा उद्योग वाढला. १९३६ साली त्यांनी विमानाच्या बांधणीवरून स्फुरलेला ‘क्लिपर’ बाजारात आणला. पुढे बायम स्वतः ट्रेलरांचे तांडे घेऊन देशोदेशी फिरले. १९५९ साली एकेचाळीस ट्रेलरांचा तांडा केपटाऊनहून कैरोकडे निघाला, तर १९६३ साली सिंगापूरहून निघालेला तांडा भारतातून पुढे जात लिस्बनला पोचला. या तांड्यांत निवृत्तीच्या वयाची जोडपी पुष्कळ असत. तेव्हा म्हातारपणी चाकांवर संसार मांडण्यात नवे असे काहीच नाही.

सतरा फुटांचे घर

निघण्यापूर्वी दोन दिवस आम्ही ट्रेलर दारातच उभा करून त्यात राहण्याचा सराव केला. आपणही कोणत्याही अनोळखी मुक्कामापूर्वी असा सराव जमेल तेवढा करावा. कागदावर न सुचणाऱ्या अडचणी अर्ध्या तासात समोर येतात.

पहिली अडचण दाराची. कंपवातात अरुंद दारापाशी, उंबरठ्यापाशी किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. रुग्णाला चालायचे असते, पण पाऊल उचलत नाही. अशा वेळी हात धरून ओढले तर तोल जातो. मात्र डोळ्यांना ओलांडण्यासारखी रेघ दिसली की पुष्कळांचे पाऊल सुटते. आम्ही पायरीच्या कडेला आणि आतल्या जमिनीवर पाऊलभर अंतराने पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. यजमान प्रत्येक पट्टी ओलांडत, मनात ‘एक, दोन’ मोजत आत जात. ट्रेलरच्या घडीच्या पायरीखाली जावयांनी आणखी एक रुंद, न घसरणारी पायरी ठेवली आणि दाराशेजारी भक्कम मूठ बसवली.

दुसरी बाब अनपेक्षित निघाली. मला जागेच्या अडचणीचीच भीती होती. पण आत दोन्ही बाजूंना ओटा, कपाट, पलंगाची कड असे काही ना काही हाताशी होते. घरातल्या मोठ्या दिवाणखान्यात मध्यभागी आधार नसतो, येथे प्रत्येक पावलाला होता. फक्त हाताला येणारी प्रत्येक वस्तू पक्की आहे ना, हे आधी ओढून पाहिले. घडीचे टेबल कच्चे होते. त्याला लाल फीत बांधून ठेवली.

तिसरी बाब रात्रीची. या ट्रेलरला मागच्या बाजूस शौचालय आहे, पण तेथवर सहा पावले अंधारात. जमिनीलगत मंद दिवा रात्रभर चालू ठेवला आणि पलंगाशी मूत्रपात्र. पडल्या जागेवरून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. कंपवातात आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी हे अधिक घडते. म्हणून आधी कडेला बसायचे, मिनिटभर पाय हलवायचे, मग उभे राहायचे, हा घरचा नियम येथेही पाळला.

मिशिगनमधील मे महिन्याच्या रात्री चांगल्याच गार असतात. जुन्या ट्रेलरमधील गॅसची शेगडी किंवा हीटर नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. जावयांनी जुना गॅसहीटर काढून विजेचा बसवला होता आणि या वायूची सूचना देणारा भोंगाही लावला होता. आपल्याकडे हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी किंवा गॅसगीझर वापरणाऱ्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

एक तास पुढे

चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही, हा जावयांचा दंडक. त्यात पट्टे नसतात आणि मागची गाडी थोडीफार डुलतेच. आम्ही मोटारीत पट्टे लावून बसलो. वेग बेताचा, आणि दीड-दोन तासांनी थांबा. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटऱ्यांतील शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटे चालणे, आणि गाडीत घोटे वरखाली करणे.

या रस्त्यावर एक सूक्ष्म अडचण आहे. शिकागोहून पूर्वेला इंडियानातून जाताना साउथ बेंडच्या अलीकडे घड्याळाची सरहद्द लागते आणि वेळ एकदम तासाने पुढे जाते. मोबाइल हा बदल आपोआप करून टाकतो. यजमानांचे औषध दर चार तासांचे. ते वेळेवर गेले नाही तर अंग ताठरते, आवाज बसतो. मोबाइलच्या गजरावर विसंबलो असतो तर एक मात्रा तीन तासांतच दिली गेली असती. मी मनगटावर शिकागोच्या वेळेचे जुने चावीचे घड्याळ बांधले आणि चारही दिवस औषधे त्याच घड्याळावर दिली. परदेशीच्या लांब विमानप्रवासासाठी मात्र मात्रांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे.

जेवणाचेही तसेच. दूध, डाळी, अंडी यांतील प्रथिनांमुळे काही रुग्णांत या औषधाचा परिणाम मंदावतो. आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार औषध जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि दुपारी हलके जेवण: मऊ भात, तूप, मेतकूट, उकडलेली भाजी. पाणी कमी पिण्याचा मोह प्रवासात होतो, शौचालयाच्या धास्तीने. तो टाळावा, बद्धकोष्ठ या आजारात आधीच पाठीस लागलेले असते.

पहिला मुक्काम एल्कहार्टला. ट्रेलर-उद्योगाची ही राजधानीच; येथील संग्रहालयात १९१३ सालचा ‘अर्ल’ हा अतिशय जुना ट्रेलर मॉडेल टीला जोडलेला दिसतो, आणि अभिनेत्री मे वेस्ट हिच्यासाठी बांधलेली १९३१ सालची घरमोटारही. आम्ही तासभर पाहिले आणि थांबलो. अजून दोन दालने उरली होती. दमण्यापूर्वी थांबणे हे आजारात शिकावे लागते.

मेळाव्याचे मैदान

कॅम्प डिअरबॉर्न हे तळ्याकाठचे विस्तीर्ण हिरवे मैदान. त्यावर ओळीने उभे ट्रेलर: डबाबंद मांसाच्या डब्याच्या आकाराचे छोटे, मागच्या बाजूस पंख चितारल्यासारखे बसवलेले ‘शास्ता’, विमानांच्या कारखान्यात जन्मलेले लांबलचक ‘स्पार्टन’. दारांवर पट्ट्यापट्ट्यांच्या कनाती, आत त्या त्या काळचे पडदे, किटल्या, रेडिओ. मालक बहुतेक साठी-सत्तरीचे.

मेळाव्यात एक दिवस उघड्या दारांचा असतो. आपले दार उघडे ठेवायचे. कोणीही यावे, आत डोकवावे, विचारावे. ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी ही रीत फार सोयीची, कारण जग पाहायला त्याला जावे लागत नाही, माणसेच दाराशी येतात. यजमान कनातीखाली हातांच्या खुर्चीत बसले आणि दिवसभरात किती जण येऊन गेले त्याची मोजदाद राहिली नाही.

दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. मोटारीच्या कारखान्यात हयात गेलेली. ट्रेलरच्या अंगावरील रिव्हेटांच्या ओळींकडे ते निरखून पाहत होते. यजमान उठले, चिकटपट्टी ओलांडून पत्र्यापाशी गेले आणि एका रिव्हेटवर बोट ठेवून म्हणाले, हा नंतर बदललेला आहे. तो खरेच बदललेला होता. मग दोघांचे जमले. रिव्हेट मारायला दोन माणसे लागतात, एक बाहेरून मारणारा आणि एक आतून लोखंडी ठोकळा धरणारा. एकमेकांना न पाहता केवळ आवाजावर काम चालते. हे यजमान तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि पुष्कळशा हातवाऱ्यांत सांगत होते, आणि समोरचे गृहस्थ मान डोलावीत होते, कारण त्यांनीही तेच केले होते. दापोडीत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अशा ओळी यजमानांनी वर्षानुवर्षे मारल्या.

कंपवाताची थरथर हात स्वस्थ असताना अधिक असते आणि हात कामाला लागला की बऱ्याच जणांत ओसरते, हे डॉक्टरांनी आम्हाला पूर्वीच सांगितले होते. त्या दिवशी पत्र्यावरून फिरणारा तो हात मी पाहत होते. आवाजही मोठा लागला होता. एरवी घरात त्यांचे बोलणे ऐकू यावे म्हणून मला दूरदर्शन बंद करावा लागतो.

तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधील एक बाई मला म्हणाल्या, “मी येथे बसते, तुम्ही तळ्यापर्यंत जाऊन या.” त्यांना पुढच्या औषधाची वेळ आणि माझा मोबाइल क्रमांक लिहून दिला व मी गेले. पाऊण तास एकटी चालले. एकटीने इतके चालणे कित्येक महिन्यांत झाले नव्हते. सांभाळणाऱ्या वाचकांना मुद्दाम सांगते: कोणी अशी मदत देऊ केली तर ‘नको, नको’ म्हणू नका. काय करायचे ते दोन ओळींत लिहून द्या आणि जा.

या प्रवासाने आजार कमी झाला, असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी यजमान इतके थकले की दुपारपर्यंत झोपून होते आणि मेळाव्याचा समारोप आम्ही खिडकीतूनच ऐकला. पुढेही आठवडाभर पावले जड होती. हा हिशेब आधीच मनात धरावा, आणि परतल्यावरचे दोन-तीन दिवस पूर्ण मोकळे ठेवावेत.

निघण्यापूर्वी

• डॉक्टरांना मुक्काम, दिवस आणि वाहन सांगून विचारावे. औषधांची मूळ नावांसह चिठ्ठी दोन प्रतींत ठेवावी.
• औषधे हातातल्या पिशवीत, गरजेपेक्षा आठवडाभर अधिक. इन्शुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटूनही नको. गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते.
• परदेशात असल्यास प्रवासविमा पूर्वीच्या आजारांना लागू आहे का, ते वाचून घ्यावे.
• जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे पोचताच विचारून ठेवावे.
• दिवसात एकच कार्यक्रम. बाकीचा वेळ विश्रांतीचा.

आपल्याला मिशिगनला जायला हवे असे नाही. महाबळेश्वरचा दोन रात्रींचा मुक्काम असो, गावच्या जत्रेला भाड्याच्या गाडीने जाणे असो, की लेकीच्या घरी चार दिवस असोत. पायरी, रात्रीची वाट, औषधाचे घड्याळ आणि थकव्याचा हिशेब या चार गोष्टी सर्वत्र त्याच. त्या आधी बसून ठरवाव्यात, आणि ठरवताना रुग्णालाही जवळ बसवून त्याचे मत घ्यावे. आमच्या घरी पुढचा बेत आता यजमानच आखत आहेत: जुन्या सोबत्यांना भेटायला दापोडीला. रिक्षाने वीस मिनिटांचे अंतर आहे. तीन वर्षे आम्ही गेलेलो नाही.