खात्याची वाटणी

पूर्णा आणि खेळणा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादेत बियाणे, खते व कीटकनाशके विकणाऱ्या दुकानाचा, म्हणजे कृषी सेवा केंद्राचा, धंदा वर्षभर सारखा चालत नाही. मृगाच्या आगेमागे तो एकदम उसळतो, आणि विकलेल्या मालाचे पैसे मात्र सोयाबीन मोंढ्यावर गेल्यानंतर किंवा कापूस विकला गेल्यानंतरच परत येतात. या चार-सहा महिन्यांच्या अंतरावर उधारी उभी असते. पाऊस दगा देईल हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असल्यामुळे तिचा हिशेब निव्वळ आकड्यांत बसत नाही, आणि गिऱ्हाईक टिकते की तुटते याचा निकालही बहुधा वाईट वर्षातच लागतो.

प्रस्तुत लेखक अशाच एका दुकानाच्या गल्ल्यावर अनेक खरीप हंगाम बसलेला असून, तेथील खतावणीत, म्हणजे खातेवार नोंदींच्या वहीत, एका घराला एक पान असा रिवाज आहे. पानाच्या माथ्यावर गावाचे आणि कर्त्या पुरुषाचे नाव असते, आणि तो वारल्यानंतरही ते सहसा बदलले जात नाही. 2018 पर्यंत देशभर लागू झालेल्या व्यवस्थेनुसार अनुदानित खताची विक्री आधार क्रमांक व अंगठा घेऊन पॉस यंत्रावर नोंदवावी लागते. त्या यंत्राला माणूस कळतो, घर कळत नाही. त्यामुळे यंत्रावर धाकट्या मुलाचा अंगठा आणि वहीत आजोबांचे नाव, असा दुहेरी कारभार चालतो. हिशेब तपासनिसांना हा प्रकार मुळीच आवडत नाही.

दुकान आणि गिऱ्हाईक यांच्या नात्याची कठीण परीक्षा 2020 च्या खरिपात झाली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी अवकाळी पावसात सोयाबीन भिजले होते. या पिकाच्या दाण्याचे आवरण मुळातच पातळ, त्यामुळे भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती, म्हणजे शंभर दाण्यांपैकी किती दाण्यांना निकोप मोड येतात ते प्रमाण, सहज ढासळते. प्रमाणित बियाण्यासाठी ती किमान 70 टक्के असावी लागते. त्या वर्षी मराठवाड्यात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. पिशवीला टॅग आहे एवढ्यावर विसंबून लेखकाने दुकानात उगवण तपासली नव्हती, आणि ही चूक त्याचीच होती. तासात हात-हात अंतरावर एखादा मोड दिसत असलेल्या शेतात उभ्या असलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आवाज न चढवता विचारले, “तुम्ही सोता पेरलं असतं का हे?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे जाण्यासाठी पक्के बिल, टॅग आणि रिकामी पिशवी हे पुरावे लागतात. ते जुळवून देणे म्हणजे आपल्याच दुकानाविरुद्धच्या कागदाला हातभार लावणे होय. तरीही ते जुळवून देण्यात आले, आणि दुबार पेरणीचे बियाणे खरेदीच्या भावाने नावे टाकले गेले. एवढ्याने सगळे टिकले असे नाही. काही घरे देऊळगाव राजाच्या दुकानांकडे वळली ती वळलीच. मात्र तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण पुढल्या जूनमध्ये परत आले, आणि तक्रार न करता गप्प बसलेलेच अधिक गेले, ही गोष्ट लेखकाला आजही नवलाची वाटते.

तेव्हापासून दर हंगामात प्रत्येक लॉटचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून, गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवले जातात. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी गिऱ्हाइकांसमोरच उलगडली जाते; मोड मोजायचे ते त्यांनीच, आणि न उगवलेला दाणा नखाने दाबून पाहण्याची सवय म्हाताऱ्यांना अशी आहे की बोट लावू नका म्हणून सांगण्यात अर्थ नसतो.

याहून नाजूक प्रसंग वाटणीचा. भावाभावांत शेत वाटले गेले की जुनी बाकी कोणाच्या पानावर ओढायची, हा प्रश्न दुकानदारापुढे येतो, आणि त्याने स्वतः निवाडा केल्यास एक तरी भाऊ दुखावतो. एका घरात तिघे भाऊ वेगळे झाले तेव्हा लेखकाने बाकीचे तीन सारखे भाग सुचवले. ही बाकी ज्या खताची, ते टाकले त्या वर्षी आपण शिकायला जालन्यात होतो, असे म्हणून धाकट्याने ते नाकारले. अखेर आई दुकानात आली. वही समोर फिरवून घेऊन, वाचता येत नसतानाही पानावर हात ठेवून ती म्हणाली, “बाकी तिघांवर टाका, भाऊ. नाव मात्र ह्यांचंच राहू द्या.” कोणत्या पानावर, हे तिने सांगितले नाही, आणि तिघांपैकी कोणीही वडिलांचे नाव सोडायला तयार नव्हता. त्यामुळे त्या खतावणीत एकाच मयत माणसाची तीन पाने आहेत, आणि ओळखीसाठी कोपऱ्यात पेन्सिलीने थोरले, मधले, धाकटे एवढेच लिहिलेले आहे.